दवाखान्यात आलेल्या आणि न आलेल्या

पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, तरीही त्यांच्यात १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला. १९९७ साली हे प्रसिद्ध झालं आणि हादरा बसला.

मग राज्यातल्या दर सात-आठ बायकांमागे एक बाधित होती का? मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) घरोघरी जाऊन रक्त तपासलं, तेव्हा महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातलं प्रमाण ०.६२ टक्के आलं. पुण्याचा अभ्यास चुकला नव्हता. त्रास होतो म्हणून दवाखाना गाठणाऱ्या बायकांबद्दल तो बोलत होता. गल्लत केली ती त्याला साऱ्या महाराष्ट्राचं चित्र मानणाऱ्यांनी. देशपातळीवरही हेच घडलं. ५० लाखांहून अधिक बाधितांचा अंदाज २००७ मध्ये सुमारे २५ लाखांवर आला.

म्हणजे घरोघरचं सर्वेक्षण निर्दोष, हा पुढचा गैरसमज. त्याच फेरीत एचआयव्ही चाचणी ८५ टक्के स्त्रियांची झाली, पुरुषांची मात्र ७८ टक्केच. काहींनी नकार दिला, काही घरीच सापडले नाहीत. पेण तालुक्यातल्या गडबचं उदाहरण घ्या. प्रश्नावली घेऊन कुणी सकाळी अकराला दार वाजवलं, तर डोलवीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला भेटणार नाही, मुंबईला खोली करून राहणारा तर नाहीच. भेटेल ती सून, आणि सासू पडवीत बसलेली असताना ती काय सांगणार! शिवाय वसतिगृहं, तुरुंग, कुंटणखाने ‘घर’ या व्याख्येत बसतच नाहीत. म्हणून २००७ चा अंदाज बांधताना घरोघरच्या आकड्यांना जोखमीच्या गटांच्या पाहण्यांची जोड द्यावी लागली.

नमुना मोठा घेतला की दोष झाकला जातो, असंही अनेकांना वाटतं. अमेरिकेत संशोधक किन्सीने लैंगिक वर्तनाबद्दल हजारो मुलाखती घेतल्या, पण बरेच जण आपणहून आलेले होते. मॅस्लो आणि साकोडा या मानसशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये दाखवलं, की अशा विषयावर बोलायला पुढे येणारे मुळातच अधिक आत्मविश्वासाचे आणि कमी रूढिप्रिय असतात. तसलेच आणखी दहा हजार जमवले तरी कल तोच राहणार.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या अभ्यासात गळती आणखी घात करते. मुली लग्न होऊन सासरी जातात, मुलं नोकरीसाठी गाव सोडतात, कुणाला निदानाची धास्ती वाटते. अशा अभ्यासाच्या पुढच्या एखाद्या फेरीत जोखमीचं वर्तन घटलेलं दिसलं, तर लोक सुधारले असतील किंवा जोखीम घेणारेच यायचे थांबले असतील. न आलेल्यांकडे लपवण्यासारखं काही असणारच, हेही गृहीत धरता येत नाही. अनेकांना नुसता दिवसाचा रोज बुडवायचा नसतो.

तेव्हा अशी टक्केवारी वाचनात आली की किती जणांना बोलावलं होतं, किती आले आणि शेवटच्या फेरीला किती उरले, हे आधी शोधा. ते दिलं नसेल, तर त्या टक्केवारीवरून गावाबद्दल किंवा पिढीबद्दल मत बनवू नका.