बाळाचा दम आणि बाळाचे हृदय : 'इको' तपासणी कोणासाठी?

पावसाळा सुरू झाला, की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावोगावी, पाड्यापाड्यांवर तान्ह्या मुलांची सर्दी-खोकल्याची दुखणी वाढतात. आरंभी नाक वाहते, मग छातीत घरघर सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत बाळाचे पोट उडू लागते. रुग्णालयात नेल्यावर 'ब्राँकिओलायटिस' असे निदान होते. अशा वेळी शहरातील एखादे नातलग सुचवतात, "बाळाचा टू-डी इकोही करून घ्या." हृदयाची ही सोनोग्राफी प्रत्येक बाळाला आवश्यक असते काय, हे पालकांनी जाणून घेणे हिताचे आहे.

आजाराचे स्वरूप

ब्राँकिओलायटिस म्हणजे फुप्फुसांतील अतिसूक्ष्म श्वासनलिकांना विषाणूंमुळे येणारी सूज. तो दोन वर्षांखालील बालकांना होतो आणि 'आर.एस.व्ही.' हा विषाणू त्याचे प्रमुख कारण आहे. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. गरजेनुसार प्राणवायू, नाकाची स्वच्छता आणि दूध किंवा सलाईन, हाच मुख्य उपचार. बहुतेक बालके एक-दोन आठवड्यांत सावरतात. खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो.

हृदयाचा संबंध

दर हजार जन्मांमागे साधारणतः ८ ते ९ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असल्यास शुद्ध रक्ताचा काही भाग शरीराकडे न जाता पुन्हा फुप्फुसांकडे वळतो. जन्मानंतर आरंभीचे काही आठवडे फुप्फुसांतील रक्तदाब अधिक असल्याने हा प्रवाह अल्प राहतो आणि बाळ निरोगी दिसते. पुढे तो दाब उतरतो, फुप्फुसांत रक्त दाटते व बाळाला धाप लागते. म्हणजेच ब्राँकिओलायटिसच्या ऐन वयात हृदयविकारही त्याच रूपाने प्रकट होतो. क्वचित दोन्ही एकत्र येतात आणि मग आजार अधिक गंभीर होतो.

इको कोणाला?

१९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेलमुथ हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाची हालचाल प्रथम टिपली. आजची इको तपासणी त्याच तत्त्वावर चालते. तीत क्ष-किरण नसतात, वेदनाही नसते. तथापि दाखल झालेल्या प्रत्येक बाळाचा इको करावा, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. बहुतेकांच्या उपचारांत त्याने काही फरक पडत नाही. उलट प्राणवायूवर असलेल्या बाळाला विनाकारण दूरच्या शहरात हलविणे धोक्याचे ठरते. पुढील गोष्टी आढळल्यास मात्र डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात :

१) दूध पिताना बाळाला घाम फुटणे, ते दमून वारंवार थांबणे.
२) वजन न वाढणे.
३) सर्दी-ताप नसतानाही श्वास जलद चालणे.
४) 'न्यूमोनिया' पुनःपुन्हा होणे.
५) ओठ वा जीभ निळसर दिसणे.
६) भावंडाला जन्मजात हृदयविकार असणे.

डॉक्टरांना हृदयात मर्मर ऐकू आली, यकृत वाढलेले आढळले किंवा प्राणवायू देऊनही रक्तातील त्याचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, तर इकोचा निर्णय लांबणीवर टाकू नये.

आपल्या भागात काय करावे?

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, तर दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक श्वास होत असतील, फासळ्या आत ओढल्या जात असतील वा बाळ दूध सोडत असेल, तर आशा सेविकेला कळवून तत्काळ शासकीय रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी करतात. जन्मजात हृदयविकाराचा त्यात समावेश आहे. भातलावणीची घाई असो वा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याची वेळ, ही तपासणी चुकवू नये. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी बाळाचे कार्ड व रुग्णालयाचे कागद सोबत न्यावेत, म्हणजे 'हा कितवा न्यूमोनिया' हे नव्या डॉक्टरांना कळेल.

शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या भीतीने तपासणी टाळणे योग्य नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया अंतर्भूत आहेत. परळचे वाडिया बाल रुग्णालय बालहृदयरोगांवर उपचार करते, तर खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालहृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात.

यात विलंब महाग पडतो. मोठे छिद्र दीर्घकाळ तसेच राहिल्यास फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात आणि मग छिद्र बुजविण्याची वेळ निघून जाते. वेळेवर शस्त्रक्रिया झालेली बहुतेक बालके मात्र इतर मुलांसारखी खेळतात, शाळेत जातात. म्हणून 'दूध पिताना बाळाला घाम येतो' हे आईचे साधे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांनी आणि डॉक्टरांनीही गांभीर्याने ऐकले पाहिजे.