हिब्रू शिकूया : अक्षरे २२, काना-मात्रा गायब!



आपली मुले पहिलीत क, का, कि, की गिरवतात. आता समजा, पुस्तकातले सगळे काने, मात्रा, वेलांट्या कुणीतरी खोडून टाकल्या आणि वर सांगितले की उजवीकडून डावीकडे वाचा! हिब्रूतले रोजचे वर्तमानपत्र साधारण असेच असते.

हिब्रूत २२ अक्षरे, सगळी व्यंजने. पहिले आलेफ, दुसरे बेत, म्हणून वर्णमालेचे नाव आलेफ-बेत. काफ, मेम, नून, पे, त्सादी ही पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. हे सरावाने जमते. खरी डोकेदुखी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. आपल्याकडे घ-ध, भ-म यांचा घोळ होतो ना, तसा दालेत आणि रेशचा. दालेतचा वरचा कोपरा टोकदार, रेशचा गोल, बस्स. एखाद म्हणजे एक, अखेर म्हणजे दुसरा. लिहिताना फरक फक्त या शेवटच्या अक्षराचा. देव एकच, असे सांगणाऱ्या तोरातल्या वाक्यात हा गोंधळ कसा चालेल? म्हणून तिथला दालेत मुद्दाम मोठा काढतात, असे सांगतात.

मग स्वरांचे काय? वाव, योद अशी अक्षरे थोडी मदत करतात. पूर्ण स्वर दाखवायला अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा देतात, त्यांना निकुद म्हणतात. बालपुस्तके, कविता, प्रार्थनेची पुस्तके यांत निकुद असते, एरवी नाही. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरे 'सेफेर' वाचली तर पुस्तक, 'सापार' वाचली तर न्हावी! कोणता ते वाक्यावरून ओळखायचे. त्यामुळे निकुदवर फार काळ विसंबू नका. पाठ झालेला शब्द लगेच निकुदशिवाय लिहून वाचा.

शब्द पाठ करताना मूळ धरा. काफ-ताव-बेत हे लिहिण्याचे मूळ. कातव म्हणजे त्याने लिहिले, मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता. एक मूळ कळले की पाच-सहा शब्द आपोआप हाताशी येतात. सुटी यादी घोकण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

व्याकरण मराठी माणसाला फारसे परके वाटणार नाही. तो लिहितो, ती लिहिते. तसेच हू कोतेव, ही कोतेवेत. नपुंसकलिंग नाहीच, तेवढीच सुटका. कोकणातले बेने इस्राएल लोक घरी मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करत. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीतून छापले होते.

आणखी एक गंमत. वर्तमानकाळात 'आहे' लागतच नाही. 'मी शिक्षक आहे' हे हिब्रूत नुसते 'अनी मोरे'! मोरे आडनावाच्या गुरुजींचे काम सोपे झाले. बाईंनी मात्र 'अनी मोरा' म्हणायचे.