कोजागरीचं दूध आणि पोटातली गुरगुर

कोजागरीच्या रात्री गच्चीवर आटीव मसाला दूध होतं, सोबत भजी. तास-दोन तासांत पोट डब्ब होतं, गुरगुर सुरू होते, पहाटे शौचाला पळावं लागतं. दोष जातो जागरणाला, नाहीतर भज्यांना. आजी ओवा-सैंधव चावायला देते, बरंही वाटतं. पण बासुंदी खाल्ली की पुन्हा तेच.

पावशेर दुधाच्या पेल्यात लॅक्टोज नावाची साखर साधारण १२ ग्रॅम असते. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची ही जोडगोळी. ती फुटल्याशिवाय रक्तात शिरत नाही. फोडण्याचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरचं लॅक्टेज हे विकर करतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं; जगातल्या बहुतेक माणसांत वयाबरोबर घटत जातं. हा रोग नव्हे, शरीराची ठेवण आहे. मोठ्या जुलाबानंतर अस्तर दुखावलं, तर ते काही काळापुरतंही कमी पडतं.

न फुटलेली साखर पुढे सरकताना आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून शौचाला पातळ होतं. मोठ्या आतड्यात जिवाणू तिला आंबवतात. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं, तसाच हा प्रकार. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. गुबारा धरतो तो त्यांचाच. यातला थोडा हायड्रोजन रक्तावाटे श्वासात उतरतो. श्वासाची तपासणी करून निदान होतं ते यामुळेच.

मग रोजचा चहा का बाधत नाही? त्यात दूध जेमतेम असतं. आटवताना मात्र पाणी उडतं, साखर राहते. म्हणजे मसाला दुधाच्या त्याच पेल्यात ती जास्त. दह्यात विरजणाचे जिवाणू काही साखर आधीच खातात आणि त्यांचं विकर पोटातही मदत करतं. तुपात ती जवळजवळ नसतेच.

खात्री करायला वही पुरे. काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, एवढंच लिहायचं. दोन आठवडे दूध आणि दुधाची मिठाई बंद ठेवायची, मग एका साध्या दिवशी नुसतं पेलाभर दूध घेऊन पाहायचं. काहीच फरक पडला नाही, तर दूध निर्दोष. शोध दुसरीकडे घ्यायचा. दूध कमी केलं, तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ ताटात हवेत.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रक्त कमी होणं किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.

ओवा गुबारा उतरवतो, त्याला मान आहेच. पण वहीने दुधाकडे बोट दाखवलं असेल, तर पुढच्या कोजागरीला अर्धाच पेला घ्या, तोही जेवणानंतर, सावकाश. बहुतेकांना तेवढं पचतं.