लिहिण्यासाठी मुक्काम

महागाव हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अशा गावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांची कल्पना करू. पीएच.डी. होऊन दहा वर्षे झाली. तास, प्रात्यक्षिके, पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका यांत वर्ष सरते. अर्धा लिहिलेला शोधनिबंध कपाटात पडून आहे. रविवारी तो काढावा, तर आपण कुठवर आलो होतो हे आठवण्यातच दुपार जाते. शाळेत शिकवणाऱ्या आपल्यालाही हा अनुभव नवा नाही.

असे का होते? युक्तिवाद लिहिताना त्याचे अनेक धागे एकाच वेळी मनात धरावे लागतात: गृहीतक, आकडे, आधीच्यांचे म्हणणे, पुढचे वाक्य. पण एका वेळी मनात मावतात मोजक्याच गोष्टी. कोणी हाक मारली की धागे सुटतात आणि पुन्हा जुळवायला वेळ लागतो. अर्ध्या तासाचे सहा तुकडे आणि सलग तीन तास यांची बेरीज एकच असली, तरी काम सारखे होत नाही.

मग मोठी सुट्टी मिळेपर्यंत थांबावे का? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी 1980च्या दशकात प्राध्यापकांच्या लेखनसवयी तपासल्या, तेव्हा उलटेच दिसले. स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या वेळी नेमाने लिहिणाऱ्यांचे लेखन जास्त झाले, आणि नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक सुचल्या. धागे रोज हाताळले की ते सुटत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे. परदेशांत काही विद्यापीठे अध्यापकांसाठी लेखन-मुक्काम भरवतात, त्यांत या दोन्ही गोष्टी साधतात. स्कॉटलंडमध्ये रोवेना मरी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत सगळे एकाच खोलीत, ठरलेल्या वेळी, आपापले लिहितात. शेजारी लिहीत असताना उठून जायला संकोच वाटतो, हाही त्यातला भाग असावा!

लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात असा एकांत सक्तीने मिळाला. 1910-11च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने काही महिन्यांत लिहून काढले. विषयाचे चिंतन मात्र आधी अनेक वर्षे चालू होते. एकांत विचार देत नाही, असलेले विचार कागदावर उतरू देतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी व्यवस्था पुण्याच्या ‘आयुका’त आहे. 1988 साली स्थापन झालेल्या या खगोलविज्ञान केंद्रामागे तेव्हाचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष यश पाल यांचा पुढाकार होता. डॉ. जयंत नारळीकर हे पहिले संचालक. चांगले संशोधन स्वतंत्र संस्थांत गेले आणि वर्गात शिकवणारे त्यापासून तुटले, ही त्या काळची खरी अडचण होती. म्हणून आयुकाने विद्यापीठे व महाविद्यालयांतील अध्यापकांना अभ्यागत सहयोगी म्हणून निवडण्याची योजना ठेवली. निवड तीन वर्षांसाठी असते. या काळात सहयोगी अधूनमधून येऊन राहतात, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च संस्था करते. ग्रंथालय, संगणक आणि बोलायला त्याच विषयातली माणसे मिळतात. यातले शेवटचे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. गावात आपल्या समीकरणातली चूक दाखवणारे कोणी नसते. येथे ती चहाच्या वेळी सापडू शकते.

परत गेल्यावर काय? खगोलशास्त्रात दुर्बीण दारात असावी लागत नाही. 2015 साली सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’सारख्या उपग्रहांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुल्या होतात. जोडणी बरी असेल तर महागावातही त्यांवर काम करता येते.

नोकरीतील बढतीसाठी 2010 नंतर शोधनिबंधांना गुण मिळू लागले, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. वेळ न देता नुसती संख्या मागितली की दुसरे काय होणार?

अशा मुक्कामाला जाण्यात अडचण बहुधा पैशांची नसते. जिथे विभागात एकच प्राध्यापक आहे, तिथे ते तीन आठवडे पुण्याला गेले तर बी.एस्सी.चे तास कोण घेणार? हा प्रश्न प्राचार्यांसमोर येतो आणि अर्ज तिथेच थांबतो. शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी आळीपाळीने एकमेकांचे तास घेतले, तर तो पुढे सरकू शकेल.