वाडीचे ताट आणि मनाची उभारी

कर्जत सोडून पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढू लागली, की पळसदरी, जांब्रुंगनंतर ठाकुरवाडी नावाचे एक चिमुकले स्थानक लागते. प्रवाशांच्या लेखी ती खिडकीतून मागे सरकणारी एक पाटी. कर्जत-खालापूर परिसरात मात्र हे नाव एकाच वस्तीचे नाही. ठाकर आदिवासींची वस्ती ती ठाकुरवाडी, आणि अशा वाड्या डोंगराच्या कुशीत बऱ्याच आहेत. आरोग्यदायी आहार आणि प्रसन्न मन यांविषयी शहरात जे सल्ले महागड्या दराने विकले जातात, त्यांतील पुष्कळसे या वाड्यांच्या पावसाळी दिनक्रमात आधीपासूनच आहे.

मृगाच्या सरी पडताच जमिनीतून शेवळे वर येतात. त्यांना खाज असते, म्हणून काकडाची आंबट फळे घालून ती शिजवायची, हे ज्ञान येथे आईकडून लेकीकडे जाते. (शहरातील कायस्थ प्रभूंच्या घरीही शेवळांचा मान मोठा, त्यांना कोलंबी किंवा खिम्याची जोड मिळते, इतकेच.) मग टाकळा, कुर्डू, कोरल, भारंगी, श्रावणाच्या सुमारास कंटोळी. एक भाजी जून होऊ लागते तोवर दुसरी कोवळी होऊन येते. ज्येष्ठ-आषाढात कणगीतले धान्य सरत आलेले असते आणि नवे पीक दूर असते. त्या दिवसांत रानभाजी ही चैन नसून आधार असते. ताटातले वैविध्य गरजेतून आले आहे, पण शरीराला त्याचा लाभ होतोच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे ताटाचा सुमारे निम्मा भाग भाज्या व फळांना देतात. शहरातील ताटात मात्र वर्षभर फ्लॉवर, बटाटा आणि कोबी यांचेच फेरे चालतात. पालेभाज्यांत लोह आणि फोलेट असते. पण पानांतील लोह शरीराला सहज मिळत नाही. सोबत लिंबू किंवा आवळ्यासारखे 'क' जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा नेमके उलटे करतो. चहा तासभर पुढे ढकलणे ही एक पैसाही न लागणारी सवय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे ध्यानात घेतले तर या सवयीचे मोल कळावे. भाकरीचेही तसेच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी, एवढा बदल कोणत्याही घराला झेपेल.

आहाराचा मनाशी काय संबंध? ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भाज्या, कडधान्ये, भरड धान्ये असा आहार १२ आठवडे घेणाऱ्या गटात सुमारे ३२ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. केवळ गप्पागोष्टींचा आधार मिळालेल्या गटात ८ टक्के. प्रयोग लहान होता, आणि आहार म्हणजे औषधोपचारांना पर्याय नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे. त्यात रानभाजी खुडण्याची रीत पाहावी: सकाळचे उजेडातले चालणे, सोबतिणींची संगत, पाने ओळखण्यात गुंतलेले लक्ष आणि मग एकत्र जेवण. मन उल्हसित ठेवण्यासाठी तज्ज्ञ ज्या गोष्टी सुचवतात, त्या येथे एकाच कामात गुंफल्या आहेत. शहरी माणसाला रान नसले तरी मंडईपर्यंत पायी जाणे आणि दूरदर्शन संच बंद करून घरच्यांसह जेवणे जमण्यासारखे आहे. हौसेने स्वतः रानात जाऊन भाजी खुडू नये. सारख्या दिसणाऱ्या काही वनस्पती विषारी असतात.

वाडीला स्वर्ग समजण्याचेही कारण नाही. याच पट्ट्यातील बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या वाचकांनी वाचल्या आहेत. पहाटे खुडलेली भाजी टोपलीतून शहरात येते आणि त्या पैशांतून घरी बिस्किटांचे पुडे जातात, असेही घडते. शहराने रानभाजीला 'आरोग्यदायी' म्हणून डोक्यावर घेतले की ती पिकवणाऱ्या रानाजवळच्या चुलीवरून उतरण्याचा धोका असतो. विक्रेतीला रास्त भाव मिळाला, तर तिला टोपलीतल्या चार जुड्या घरासाठी मागे ठेवणे परवडेल.

म्हणून जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा भाजी करायची कशी, हे त्या मावशींनाच विचारावे. भारंगी उकळून, पिळून तिचा कडूपणा किती काढायचा, हे त्यांना नेमके ठाऊक असते. टाकळ्याला लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ आणि वरून ओले खोबरे पुरते. पाने मात्र कोवळीच घ्यावीत.