एका रात्रीची तालीम

नॅचरल किलर, म्हणजेच एनके, या प्रतिकारशक्तीच्या पेशी मारण्यात कधी कच्च्या नव्हत्या. 1975 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांचा शोध लागला तो याच गुणामुळे. पूर्वओळख नसतानाही त्या उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी मारत होत्या. अडचण वेगळीच. उपचार म्हणून दुसऱ्याच्या अंगात सोडल्या तर त्या फार दिवस टिकत नाहीत.

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे जे रुग्ण बरे होण्याची डॉक्टरांना फारशी आशा नव्हती, अशा 19 जणांना मिनेसोटा विद्यापीठात जेफ्री मिलर यांनी नातेवाइकांच्या एनके पेशी दिल्या. 2005 साली निकाल छापून आला: पाच जणांचा आजार पूर्ण ओसरला होता. पेशी तगाव्यात म्हणून सोबत इंटरल्युकिन-2 दिलं होतं. पण हेच औषध प्रतिकारशक्तीच्याच नियंत्रक टी पेशींनाही पोसतं आणि त्या एनकेंनाच आवरतात!

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची युक्ती मला जास्त आवडते, कारण तिथे जनुकांना हातच लावत नाहीत. दात्याला यंत्राला जोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात. बाकीचं रक्त त्याचं त्याला परत जातं. मग चुंबकी मणी वापरून टी पेशी वगळायच्या. त्या राहून गेल्या तर रुग्णाच्याच अवयवांवर उठतात. उरलेल्यांतून निवडलेल्या एनके पेशी इंटरल्युकिन 12, 15 आणि 18 यांच्या मिश्रणात रात्रभर ठेवायच्या, धुवायच्या आणि थेट शिरेतून द्यायच्या. गोठवल्यावर एनकेंचा जोर उतरतो. म्हणून दाता, प्रयोगशाळा आणि वॉर्ड, तिघांचं वेळापत्रक जुळवणं आलंच.

एवढ्या एका रात्रीच्या तालमीने त्यांचा स्वभाव बदलतो. पुढे कित्येक आठवडे, ल्युकेमियाची पेशी समोर आली की त्या नेहमीपेक्षा जोरात उसळतात. 2009 साली हे उंदरांत दिसलं होतं. तिथल्याच टॉड फेनिगर यांच्या गटाने 2016 मध्ये माणसांवरचे पहिले निष्कर्ष मांडले: तपासता आलेल्या नऊपैकी पाच जणांना गुण आला, त्यांतल्या चौघांचा आजार पूर्ण ओसरला. आकडे लहान आहेत, त्यावरून हुरळून जायचं कारण नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी पुन्हा उभ्या राहिल्या की या पाहुण्यांना हुसकावून लावतात. त्यावर तोड अशी: अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर आजार उलटला, तर त्याच दात्याच्या एनके पेशी द्यायच्या. आता रुग्णाची प्रतिकारशक्तीच त्या दात्याची असते, मग हुसकावणार कोण? अशा पेशी तीन महिन्यांनंतरही सापडल्या.

तरी ल्युकेमिया गप्प बसत नाही. तो आपल्या पृष्ठभागावर एचएलए-ई हे प्रथिन मिरवतो, आणि ते एनकेंवरच्या एनकेजी2ए या ब्रेकवर नेमकं बसतं. तालीम झालेल्या पेशींवर हा ब्रेक जास्तच असतो. म्हणून आता तो अडवणारी प्रतिपिंडं जोडीला देऊन पाहण्याकडे संशोधकांचा कल आहे.