चाबूक खाली ठेवल्यावर

पुण्याच्या सदाशिव पेठेत आता वाड्यांपेक्षा अभ्यासिकाच जास्त असाव्यात. लाकडी पार्टिशनच्या अरुंद खणात स्पर्धा परीक्षांची मुले पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बसलेली असतात. समोर नकाशा, वेळापत्रक आणि बहुधा स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेले एखादे वाक्य. ही वाक्ये वाचण्याचा मला नाद आहे. ‘बापाचे हात आठव.’ ‘झोपतोस काय?’ ‘लाज वाटू दे.’ हेच शब्द शेजारच्याने वापरले असते तर हातघाई झाली असती. स्वतःला मात्र माणूस वाटेल ते बोलू शकतो.

२०२४ च्या पावसाळ्यात याच पेठेतल्या एका प्रशिक्षक बाईंच्या गटात मी काही आठवडे मागच्या खुर्चीवर बसलो. ‘पर्सनल कोचिंग’ म्हटले की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, हे आधीच सांगून टाकतो. बाईंनी पहिल्या दिवशी एक साधे काम दिले. तुमचा रूममेट राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत दोन गुणांनी राहिला आहे. त्याला पत्र लिहा. परभणीकडच्या, चार प्रयत्न झालेल्या एका मुलाने दीड पान लिहिले. पेपर काढून कुठे चुकले ते दोघे मिळून बघू, पण आधी जेवून घे, असे त्यात होते. मग बाई म्हणाल्या, ‘‘आता वरचं नाव खोड, तिथे तुझं घाल आणि वाच.’’

तो वाचू लागला आणि ‘आधी जेवून घे’पाशी थांबला.

‘‘मॅडम, हे मला नाही लागू होत.’’

‘‘का रे?’’

‘‘त्याचं नशीब आडवं आलं. माझी चूक आहे.’’

हा पत्राचा व्यायाम ज्या विचारातून येतो, त्याची मांडणी टेक्सास विद्यापीठातील क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये केली. मूळ प्रेरणा बौद्ध परंपरेची. स्वतःशी सौम्यपणे वागणे, आपले अपयश हे सगळ्या माणसांच्या वाट्याला येणारे आहे हे ओळखणे आणि मनात जे चालले आहे ते न फुगवता, न दडपता पाहणे, असे तिचे तीन भाग. मला यातला दुसरा सर्वांत मोलाचा वाटतो. अर्ज लाखांनी येतात, जागा शेकड्यांनी असतात; म्हणजे नापास होणे हाच इथला सर्वसाधारण अनुभव. तरी प्रत्येक खणातला मुलगा आपण एकटेच हरलो असे समजून बसतो.

‘असले लाड केले तर पोरे अभ्यास करतील का?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी तो प्रयोगातून तपासला. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अवघड शब्दपरीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे कनवाळूपणे पाहायला सांगितले होते, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. त्यात नवल नाही. चूक कबूल केली की फटके बसणार हे ठाऊक असलेले मूल चूक लपवते, मग मारणारा हात स्वतःचाच का असेना. माणसाला नव्हे, त्याच्या कृतीला गुण द्या, हे अल्बर्ट एलिस यांचे सांगणेही याच जवळचे, कि. मो. फडके यांनी ते आपल्याकडे रुजवले. आणि रामदासांनी तर मनाला उपदेश करतानाही आधी ‘सज्जन’ म्हणूनच हाक मारली. आपण नेमके तेवढेच विसरलो.

परभणीच्या मुलाला बाईंनी आठवडाभर एका वहीत नोंद ठेवायला सांगितली: मनातला तो आवाज केव्हा चढतो? त्याला वाटत होते, अभ्यास बुडाला की. वहीत निघाले वेगळेच. आवाज चढे तो घरचा फोन येऊन गेल्यावर, त्यातही पैशांचा विषय निघाला की. अभ्यास झालेल्या दिवशीसुद्धा. आत्मभान या भारदस्त शब्दाचा अर्थ मला त्या चाळीसपानी वहीने जेवढा कळवला, तेवढा कुठल्या व्याख्यानाने कळवला नव्हता.

माझ्या आठ्या तरीही पुरत्या गेलेल्या नाहीत. या व्यवसायाला आपल्याकडे परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या किंवा जगणे नको झालेल्या मुलाला पत्रे लिहायला लावून भागत नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडेच न्यावे लागते. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. अभ्यासिकेच्या भिंतीवर तो क्रमांक मला अजून दिसलेला नाही.

दुसरी शंका अधिक टोचते. सौम्यतेच्या नावाखाली अन्याय गिळायला तर शिकवले जात नाही ना? त्याच वर्षी २५ ऑगस्टला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली. मुले पुण्यात रस्त्यावर बसली आणि आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. बाईंच्या गटातलीही काही मुले तिथे होती. त्या आठवड्याची बैठक बाईंनी आपण होऊन रद्द केली होती.